जुन्या यंत्रासाठी नवा लॅपटॉप घेताना

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की केगावचं विद्यापीठ मागे पडतं, पाकणी जाते आणि चिंचोळी एमआयडीसी येते. कॅमशाफ्टपासून रसायनांपर्यंत आणि टॉवेलपर्यंत इथे खूप काही तयार होतं. यातली सगळी यंत्रं नवी नाहीत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेली किंवा परदेशातून वापरून झाल्यावर आलेली कितीतरी यंत्रं आजही तीन शिफ्ट चालतात. लोखंड शाबूत आहे, मोटरी शाबूत आहेत. अडचण येते ती त्यांच्या पॅनेलमधल्या पीएलसीशी, म्हणजे यंत्राला हुकूम देणाऱ्या छोट्या संगणकाशी, बोलण्याची, कारण ते सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या काळातलं असतं आणि आजच्या लॅपटॉपवर बसत नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी इथल्या एका कारखान्यात सूत रंगवण्याचं यंत्र दुपारी चारला अडकलं आणि मला बोलावणं आलं. त्या यंत्रासाठी केबिनच्या कोपऱ्यात एक्सपीचा जुना पीसी फडक्याखाली जपून ठेवलेला होता. त्या दिवशी त्याची हार्ड डिस्क नुसती टकटक करत राहिली. मेंटेनन्सच्या तरुण इंजिनिअरकडे नवाकोरा, पातळ, ‘आय७’चं स्टिकर असलेला लॅपटॉप होता. त्याने शहाणपणाने त्या पीसीची व्हर्च्युअल मशीन आधीच करून ठेवली होती, पण ती कधी चालवून पाहिली नव्हती. सुरू करायला गेला तर पडद्यावर ओळ आली : व्हीटी-एक्स बायोसमध्ये बंद आहे. बायोसला पासवर्ड, तो मुख्य कचेरीतल्या माणसाकडे, त्याचा फोन लागेना. तासाभराने ते जमलं, तर ८ जीबी रॅममध्ये सगळं घुसमटलं. त्यातून वाट काढली, तर लॅपटॉपला लॅनचं तोंडच नाही आणि सिरियल केबलचा ड्रायव्हर धरेना. यंत्र चालू झालं तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते आणि आतलं सूत वाया गेलं होतं. लॅपटॉप महागाचा होता, पण तो विकत घेताना कोणत्या कामाला लावायचा आहे हे कुणी विचारलंच नव्हतं. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. बाहेर विंडोज ११ चालू असतं आणि त्याच्या एका खिडकीत एक्सपी, विंडोज ७ किंवा लिनक्स स्वतंत्रपणे चालतं. बाहेरच्याला यजमान म्हणू, आतल्याला पाहुणा. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० आणलं, आणि १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने पुढच्याच वर्षी हे साध्या पीसीवर करून दाखवलं. आज व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून धंद्याच्या वापरासाठीही मोफत आहे, ओरॅकलचं व्हर्च्युअलबॉक्स आहे, आणि विंडोजच्या प्रो आवृत्तीत हायपर-व्ही आहे. होम आवृत्तीत हायपर-व्ही मिळत नाही. म्हणजे सॉफ्टवेअरला पैसे मोजावे लागतीलच असं नाही. पैसे लागतात ते हार्डवेअरला, आणि तिथेच चूक होते.

कुणी विचारेल, जुनं सॉफ्टवेअर थेट विंडोज ११ वर का बसत नाही? ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे जुने प्रोग्रॅम चालतच नाहीत आणि ३२ बिटचे ड्रायव्हरही चालत नाहीत. केबलचा ड्रायव्हर २००३ सालचा असेल तर त्याला २००३ सालचंच घर द्यावं लागतं.

सर्वांत आधी फुकटची गोष्ट तपासा. इंटेलने व्हीटी-एक्स, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवायला प्रोसेसरमध्येच दिलेली सोय, २००५ मध्ये आणलं, एएमडीने तशीच सोय २००६ मध्ये. आज दुकानात मिळणाऱ्या इंटेल आणि एएमडीच्या जवळपास प्रत्येक प्रोसेसरमध्ये ती असते, पण अनेक लॅपटॉपमध्ये बायोसमधून बंद असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूवर गेलात की खाली उजवीकडे ‘व्हर्च्युअलायझेशन’ असं लिहिलेलं दिसतं आणि त्यापुढे ‘एनेबल्ड’ किंवा ‘डिसेबल्ड’. बंद असेल तर बायोसमध्ये जाऊन चालू करायचं. इंटेलवर ते बहुधा ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ या नावाने असतं, एएमडीवर ‘एसव्हीएम मोड’ या नावाने. डेल आणि एसरमध्ये एफ२, एचपीमध्ये एफ१०, थिंकपॅडमध्ये एफ१ दाबून तिथे पोचता येतं. हे करण्याआधी बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायोस बदलल्यावर काही लॅपटॉप ती ४८ आकडी की मागतात, आणि ती जवळ नसेल तर तुमचाच लॅपटॉप तुम्हाला आत घेत नाही. कंपनीचा लॅपटॉप असेल तर बायोसचा पासवर्ड कुणाकडे आहे हे आजच विचारून ठेवा.

आता रॅम. दुकानात गेलेला माणूस प्रोसेसरबद्दल विचारतो, रॅमबद्दल नंतर. व्हर्च्युअल मशीनसाठी हा क्रम उलटा हवा. याचं कारण सोलापूरकरांना मागावरून सांगता येईल. एक विणकर दोन माग सांभाळतो. इकडचा धागा जोडला की तिकडे जातो. प्रोसेसर तसाच आहे. यजमान आणि पाहुणा दोघांचं काम तो पाळीपाळीने करतो, थोडा उशीर होतो, पण काम होतं. रॅम मात्र शेडमधली जमीन आहे. जिथे एक माग रोवला तिथे दुसरा उभा राहणार नाही. पाहुण्याला ४ जीबी दिली की तो चालू असेपर्यंत ती बहुतेक यजमानाच्या हातून गेली. उरलेली पुरली नाही की विंडोज डिस्कवर तात्पुरती जागा करायला लागतं, आणि रॅमच्या मानाने डिस्क फारच हळू असल्यामुळे माउस हलवला तरी पडदा थांबून थांबून पुढे सरकतो. त्या रात्री आम्ही तेच बघत बसलो होतो.

हिशेब मांडू. विंडोज ११, अँटिव्हायरस, ब्राउझर आणि एखादी एक्सेलची फाईल एवढं उघडं असलं तरी ५-६ जीबी जाते. एक्सपी स्वभावाने गरीब आहे. मायक्रोसॉफ्टने त्याच्यासाठी सुचवलेली रॅम होती १२८ एमबी. त्याला १ जीबी दिली तर तो सुखाने चालतो. ३२ बिट विंडोज ७ ला २ जीबी, विंडोज १० ला किमान ४. म्हणजे ८ जीबीच्या लॅपटॉपवर एक एक्सपी कसाबसा चालतो, तोही बाकीचं सगळं बंद करून. १६ जीबीत एक्सपी आणि विंडोज ७ दोन्ही उघडे ठेवून काम करता येतं. मेंटेनन्सच्या कामासाठी माझं उत्तर १६ जीबी आहे आणि त्याखाली मी कुणाला घेऊ देत नाही. सिमेन्सचं पीएलसी प्रोग्रॅम करण्याचं सॉफ्टवेअर, टीआयए पोर्टल, व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवायचं असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांना कंपनीच १६ जीबी सुचवते, आणि ती एकट्या पाहुण्यासाठी झाली. तिथे लॅपटॉपला ३२ जीबी लागते. सोलापुरातले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी नेटवर्किंग किंवा सायबर सुरक्षेच्या सरावासाठी एकाच वेळी तीन-चार मशीन चालवतात, त्यांनाही ३२ चा विचार करावा लागेल. घेताना १६ आणि पुढे वाढवण्याची सोय, हा त्यांच्यासाठी मधला मार्ग.

ही वाढवण्याची सोय आहे की नाही, ते बघायला लॅपटॉप उघडावा लागत नाही. त्याच टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’वर जा. ‘स्लॉट्स यूज्ड’पुढे दोनपैकी एक भरलेला दिसला तर उत्तम. त्याखाली ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘एसओडिम’ असेल तर रॅमची पट्टी काढता-घालता येते. तिथे ‘रो ऑफ चिप्स’ असं असेल तर रॅम बोर्डवरच डाग देऊन बसवलेली आहे. पातळ लॅपटॉपमध्ये हे फार दिसतं. अशा लॅपटॉपमध्ये आज जेवढी रॅम घ्याल तेवढ्यावरच त्याचं आयुष्य जाणार. दुकानदाराला लॅपटॉप चालू करून ही एक खिडकी दाखवायला सांगा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

डिस्कच्या बाबतीत थोडक्यात सांगायचं तर फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर व्हर्च्युअल मशीन चालवूच नका. यजमान आणि पाहुणा एकाच वेळी वेगवेगळ्या जागी वाचायला-लिहायला लागतात आणि डिस्कचं डोकं इकडून तिकडे धावत बसतं. एसएसडीला असं डोकंच नसतं. साधी साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५०० एमबी वाचते, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट, पण एक्सपीसाठी दोन्ही पुरेशा आहेत. फरक पडतो तो हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येण्यात, साटावरून एनव्हीएमईवर जाण्यात तितका नाही. आकार मात्र ५१२ जीबीच्या खाली नको. एक्सपीचं मशीन सॉफ्टवेअरसकट १५-२० जीबीत बसतं, विंडोज १० चं ५० च्या पुढे जातं, आणि विंडोज ११ पाहुणा म्हणून घ्यायचा तर मायक्रोसॉफ्टची अटच ६४ जीबीची आहे. शिवाय स्नॅपशॉट. काम करण्याआधीची स्थिती जपून ठेवायला स्नॅपशॉट फार उपयोगी पडतो, पण प्रत्येक स्नॅपशॉट गुपचूप फुगत जातो. आठ-दहा साठले की डिस्क भरते आणि मशीन मध्येच थांबतं. काम निर्धोक झालं की जुने स्नॅपशॉट काढून टाका.

व्हर्च्युअल मशीनची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायला गेलात की बऱ्याच जणांची गाडी अडते. डिस्कवर भरपूर जागा असूनही ‘फाईल फार मोठी आहे’ असा निरोप येतो. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी एकही फाईल बसत नाही, आणि मशीनची मुख्य फाईल त्याहून मोठीच असते. पेन ड्राइव्ह एक्सएफएटी किंवा एनटीएफएस करून घ्या. खरं तर पेन ड्राइव्हवर भरवसा न ठेवता एक बाहेरची एसएसडी घ्यावी, मशीनची प्रत तिच्यात ठेवावी आणि ती लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता कपाटात ठेवावी. बॅग हरवली तर दोन्ही जातील.

प्रोसेसरच्या स्टिकरवर आय५ आहे की आय७ याने मला फारसा फरक पडत नाही. त्यानंतरच्या आकड्यांच्या शेवटी कोणतं अक्षर आहे ते बघावं. ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारा, साधारण १५ वॉटचा, पातळ लॅपटॉपसाठी. ‘एच’ म्हणजे ४५ वॉटच्या आसपासचा, जाड लॅपटॉपसाठी. यूचा आय७ कागदावर जोरदार दिसतो, पण अर्धा तास सतत काम दिलं की थंड ठेवणं जमत नाही आणि तो वेग उतरवतो. एक-दोन जुन्या मशीनसाठी चार कोरचा यू चालतो. टीआयए पोर्टल किंवा तीन-चार मशीन असतील तर सहा-आठ कोरचा एच घ्या. पाहुण्याला कोर देताना हात आखडता ठेवा. एक्सपीला एक कोर भरपूर झाला, विंडोज १० ला दोन. सगळे कोर पाहुण्याला दिले तर यजमान उपाशी राहतो, आणि यजमान अडकला की पाहुणाही अडकतो.

एक गोष्ट मात्र ठामपणे टाळायची आहे. अॅपलचे २०२० नंतरचे एम मालिकेचे मॅकबुक आणि स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप यांचा प्रोसेसर एआरएम पद्धतीचा आहे. लॅपटॉप म्हणून ते सुंदर आहेत, बॅटरी दिवसभर टिकते. पण एक्सपी आणि जुनं विंडोज ७ हे इंटेलच्या भाषेत लिहिलेलं आहे. एआरएमवर ते चालवायचं तर प्रत्येक सूचनेचं भाषांतर करत बसावं लागतं, आणि पीएलसीच्या कामाला तो वेग पुरत नाही. कारखान्यासाठी हे लॅपटॉप घेऊ नका.

ग्राफिक्स कार्डासाठीही जादा पैसे देऊ नका. व्हर्च्युअल मशीनला लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड सहसा थेट मिळत नाही; तिला सॉफ्टवेअरचं तात्पुरतं कार्ड मिळतं. गेमिंग लॅपटॉपमध्ये मला आवडते ती त्याची गार ठेवण्याची व्यवस्था : मोठे पंखे, रुंद जाळी. इथे त्याची किंमत आहे.

कारण चिंचोळीचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या शेडमध्ये, रंगाच्या यंत्राच्या वाफेपाशी तो आणखी वर असतो. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं. म्हणजे आपण त्याला जिथे उभं करतो तिथे तो मुळातच मर्यादेबाहेर आहे. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतात. एसी केबिनमध्ये झकास चाललेलं मशीन शेडमध्ये रांगायला लागतं ते यामुळे, आणि लोक सॉफ्टवेअरला दोष देतात.

टॉवेलच्या कारखान्यात याहून वाईट शत्रू आहे तो म्हणजे सुताचे बारीक तंतू. ते हवेत तरंगत असतात आणि लॅपटॉपचा पंखा ते ओढून घेतो. एकदा मी एका लॅपटॉपचं खालचं झाकण काढलं तर पंखा आणि उष्णता बाहेर टाकणारी तांब्याची जाळी यांच्यामध्ये राखाडी नमदाच तयार झाला होता, चिमट्याने एका तुकड्यात उचलून काढता येईल असा. तो काढल्यावर त्याच लॅपटॉपवर तेच मशीन विनातक्रार चालायला लागलं. नवा लॅपटॉप घेण्याचा प्रस्ताव टेबलावर होता, तो मागे घेतला. अशा ठिकाणी दर दोन-तीन महिन्यांनी जाळी साफ करून घ्या. हवा मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, नाहीतर जोराच्या हवेने तो भलत्याच वेगाने फिरून खराब होतो. आणि लॅपटॉप टॉवेलच्या गठ्ठ्यावर ठेवू नका. हाताशी तेच असतं, उंचीही बरोबर असते, म्हणून सगळे ठेवतात. पण हवा आत घेण्याची भोकं तळाशी असतात आणि गठ्ठा ती बंद करून टाकतो. एखादा स्टूल किंवा पुठ्ठ्याची कडक पाटीही चालेल.

आता तोंडं, म्हणजे पोर्ट. पीएलसीच्या कामात माझ्या हिशेबाने रॅमनंतर यांचाच नंबर. लॅनचं पूर्ण आकाराचं तोंड लॅपटॉपवरच असेल तर सर्वांत बरं. नसेल तर यूएसबीचा चांगला लॅन अॅडॉप्टर घ्या आणि तो बॅगेत कायम राहू द्या. व्हर्च्युअल मशीनला यंत्राच्या नेटवर्कशी जोडताना ‘ब्रिज्ड’ पद्धत निवडतात. ती वायरच्या लॅनशी बांधा, वायफायशी नको. वायफायवर ब्रिज बऱ्याचदा धड चालत नाही आणि दोष पीएलसीत शोधत आपण तास घालवतो.

सिरियल केबलची तऱ्हा आणखी नाजूक. नव्या लॅपटॉपला नऊ पिनांचं तोंड नसतं, म्हणून यूएसबी ते सिरियल केबल लागते. स्वस्त केबलमध्ये नकली चिप असते, आणि मूळ कंपनीचा नवा ड्रायव्हर ती ओळखून काम करायला नकार देतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह आणि ‘कोड १०’ दिसला की बहुधा हेच झालेलं असतं. एफटीडीआयची अस्सल चिप असलेली केबल चार पैसे जास्त देऊन घ्या. मशीन चालू झाल्यावर तिच्या ‘डिव्हाइसेस’ मेन्यूतून ती केबल पाहुण्याच्या ताब्यात द्यायची असते. दिली की यजमानाला ती दिसेनाशी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या ७.० पासून यूएसबी २ आणि ३ ची सोय मूळ पॅकेजमध्येच आहे, वेगळं एक्स्टेंशन पॅक टाकावं लागत नाही. जुन्या पीसीत पीएलसीसाठी पीसीआय कार्ड असेल, जसं सिमेन्सच्या एमपीआय जोडणीसाठी असायचं, तर ते कार्ड व्हर्च्युअल मशीन लॅपटॉपवर आणू शकत नाही. त्याऐवजी त्याच कामाचा यूएसबी अॅडॉप्टर घ्यावा लागतो, आणि तो लॅपटॉपच्याच अंदाजपत्रकात धरा. लॅपटॉप आला आणि अॅडॉप्टर राहिला, असं मी दोन ठिकाणी पाहिलं आहे.

केबल आयसोलेटेड, म्हणजे दोन्ही टोकं विजेच्या दृष्टीने वेगळी ठेवणारी, घ्या, यावर मी अडून बसतो. लॅपटॉपचा चार्जर एका सॉकेटमधून, पॅनेल दुसऱ्या फेजवर, अर्थिंग दोघांची वेगळी. साधी केबल लावल्याबरोबर दोघांमधला फरक केबलमधून वाहतो आणि पीएलसीचं किंवा लॅपटॉपचं पोर्ट जळू शकतं. काही जण म्हणून चार्जर काढून बॅटरीवर काम करतात. सवय चांगली आहे, पण बॅटरीवर लॅपटॉप वेग कमी करतो आणि व्हर्च्युअल मशीन अडखळते. आयसोलेटेड केबल असली की चार्जर लावूनही निर्धास्त राहता येतं.

पैशांची ओढ असेल तर पातळ नव्या लॅपटॉपपेक्षा चांगल्या ठिकाणाहून घेतलेला नूतनीकृत बिझनेस लॅपटॉप मी पसंत करतो. थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ५४९०, एचपी एलीटबुक ८४० जी५ हे २०१८ च्या आसपासचे लॅपटॉप बघा. तिघांनाही लॅनचं तोंड आहे, रॅमच्या दोन-दोन जागा आहेत आणि उघडायला सोपे आहेत. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा आहे याची खात्री करा, कारण विंडोज ११ त्याच्याखालच्या पिढ्यांना घेत नाही आणि विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घेतल्यावर बॅटरी बदला, प्रोसेसरवरची उष्णता वाहणारी पेस्ट नवी लावून घ्या, १६ जीबी करा. एक्सपी आणि विंडोज ७ च्या कामाला हा लॅपटॉप अजून कित्येक वर्षं पुरेल.

सगळं नीट असूनही व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीन संथ वाटलं तर खिडकीच्या खालच्या पट्टीत बघा. तिथे छोटं हिरवं कासव दिसलं तर समजा, विंडोजने आपली हायपर-व्ही यंत्रणा चालू ठेवली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्यामार्फत काम करावं लागतंय. विंडोज ११ मधली ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाची सुरक्षा त्याला बऱ्याचदा कारण असते. ती बंद करायची की नाही हे त्या लॅपटॉपवर आणखी काय काम होतं त्यावर ठरवा. ज्यावर बँकेचे व्यवहार होतात त्यावर बंद करू नका. आणि एक्सपी नव्याने बसवताना डिस्कचा कंट्रोलर साटाऐवजी आयडीई निवडा. एक्सपीकडे साटाचा ड्रायव्हर नसतो आणि तो निळा पडदा दाखवून थांबतो.

एक्सपीच्या पाहुण्याला इंटरनेट देऊ नका. त्याचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा विषाणू पसरला तेव्हा आपल्या न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळित झालं होतं. हे दूरचं संकट नाही. पाहुण्याचं नेटवर्क फक्त यंत्राशी बोलण्यापुरतं जोडा, काम झालं की तोडा. परवान्याचंही बघून घ्या : जुन्या पीसीबरोबर आलेला विंडोजचा ओईएम परवाना त्या पीसीपुरताच असतो, आणि पीएलसी सॉफ्टवेअरचा परवाना मशीन हलवल्यावर चालतो की नाही हे पुरवठादाराकडून लेखी विचारून घ्या. परवान्याची की मशीनच्या आतच असेल तर जुन्या स्नॅपशॉटवर परतताना ती हरवू शकते.

तुमच्या कारखान्यात फडक्याखाली झाकलेला असा एखादा पीसी असेल तर तो चालू आहे तोवर त्याची प्रत काढा. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी, यंत्र बंद असताना, लॅपटॉप थेट त्या पॅनेलपाशी न्या. केबल लावा, व्हर्च्युअल मशीन सुरू करा, पीएलसीतला प्रोग्रॅम वाचून लॅपटॉपवर घ्या आणि त्याची एक प्रत कपाटातल्या डिस्कवर टाका. हे एकदा शेवटपर्यंत झालं की लॅपटॉप पुरेसा आहे. मे महिना यायच्या आत हे करून घ्या.